केकोवाची एक दिवसाची बोटसफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर काश आणि देमरे या गावांच्या मधे केकोवा बेट आहे. त्याच्या काठाला अर्धवट बुडालेलं प्राचीन गाव बोटीतून बघायला जाणाऱ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला पायाभूत गोष्टी आहेत, व्हिसा आणि फोनसारख्या अडचणीच्या बाबी शेवटी. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे सविस्तर असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. केकोवाला पाण्याखालचं अख्खं शहर दिसतं का?

नाही. खांब, देवळं, रस्ते असं काही डोळ्यांसमोर आणून जाल तर निराश व्हाल. जाहिरातीतल्या चित्रांनी हा गैरसमज बराच वाढवला आहे. दिसतं ते असं: बेटाच्या उत्तर काठावर खडकात कोरलेल्या पायऱ्या खाली येतात, पाण्याच्या रेषेपाशी न थांबता थेट निळ्यात उतरत जातात. घरांच्या तीन भिंती जमिनीवर आणि चौथी पाण्यात. खडकात चौकोनी खाचा आहेत, त्यांत छताची लाकडं बसवलेली असायची. पाण्याच्या टाक्या, दाराचे उंबरे, पाण्याखाली भिंतींच्या पायाच्या सरळ रेषा आणि मधूनमधून फुटक्या रांजणांचे तुकडे. पाणी स्वच्छ आहे आणि बरेचसे अवशेष काठालगत उथळ पाण्यात आहेत, म्हणून वरून कळतात. मात्र काय शोधायचं हे आधी माहीत असलेल्याला ते दिसतं. बाकीच्यांना खडक दिसतो. प्रश्न ८ आवर्जून वाचा.

२. हे गाव बुडालं कधी आणि कसं?

बेटाचं प्राचीन नाव डोलिकिस्टे. हा सगळा भाग लिशिया नावाचा प्रदेश होता. इथल्या नगरांचा संघ होता आणि त्यात मोठ्या नगरांना तीन, मध्यमांना दोन, लहानांना एक अशी मतं होती. समोरच्या किनाऱ्यावरचं सिमेना इतकं लहान, की अपेर्लाई या नगराच्या पुढारपणाखाली आणखी दोन गावांबरोबर मिळून त्यांचं एकच मत धरलं जाई. इ.स. ४३ मध्ये हा प्रदेश रोमन प्रांत झाला.

इ.स.च्या दुसऱ्या शतकात लिशियाला मोठे भूकंपाचे धक्के बसले आणि बेटावरच्या वस्तीची वाताहत झाली. पण सगळं एका रात्रीत पाण्याखाली गेलं, हे गाइड रंगवून सांगतात तेवढं खरं नाही. भूकंपांबरोबर हा किनारा खचत गेला आणि समुद्र हळूहळू आत आला. बायझंटाइन काळात बेटावर पुन्हा वस्ती झाली होती. पुढे अरबांच्या सागरी हल्ल्यांमुळे ती उठली. आज बेटावर कोणी राहत नाही.

३. काश, उचाझ की देमरे? बोट कुठून धरावी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि तुमचा दिवस कसा जाणार हे बव्हंशी याच्यावरच ठरतं.

काशहून निघणाऱ्या मोठ्या लाकडी बोटी (गुलेत) सकाळी दहाच्या सुमारास सुटतात आणि संध्याकाळी पाच-सहाला परत येतात. जाताना-येताना प्रत्येकी दोन तासांच्या आसपास प्रवास, त्यातला काही भाग उघड्या समुद्रातला. पोहणं, जेवण, गच्चीवर लोळणं यांत दिवस मजेत जातो, पण प्रत्यक्ष अवशेषांपाशी अर्धा तासही मिळत नाही. काशमधल्याच काही सहली तुम्हाला मिनीबसने उचाझला नेतात आणि तिथून बोटीत बसवतात. उघड्या समुद्राचा त्रास वाचतो.

उचाझ हे बेटासमोरच्या आतल्या खाडीतलं खेडं आहे. काशपासून रस्त्याने साधारण ३५ किलोमीटर, गाडीने पाऊण तास. इथून बुडालेल्या गावापाशी पोचायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात आणि पाणी शांत असतं. धक्क्यावर लहान बोटी दोन-तीन तासांसाठी अख्ख्या भाड्याने मिळतात; चार-सहा जण असाल तर माणशी खर्च मोठ्या बोटीच्या तिकिटापेक्षा फार वेगळा पडत नाही. अडचण फक्त पोचण्याची. सार्वजनिक वाहनं तुरळक आहेत, त्यामुळे भाड्याची गाडी किंवा टॅक्सी धरून चला.

देमरेजवळच्या चायाझी बंदरातून चार-पाच तासांच्या सहली सुटतात. अंताल्याहून एका दिवसात येणाऱ्या बसच्या सहली बहुधा इथेच आणतात, म्हणून गर्दी आणि ध्वनिवर्धक दोन्ही जास्त. पण मायरा या प्राचीन नगराच्या कबरी त्याच दिवशी जोडायच्या असतील तर हेच सोयीचं (प्रश्न १७).

आमचं मत विचाराल तर: अवशेषांसाठी जात असाल तर उचाझ, समुद्रातला दिवस हवा असेल तर काश.

४. काशच्या बोटीचा दिवस साधारण कसा असतो?

बोट दहाला सुटते, पण साडेनऊला धक्क्यावर पोचा; गच्चीवरच्या सावलीतल्या गाद्या आधी जातात. चढताना पादत्राणं काढून टोपलीत टाकावी लागतात, दिवसभर बोटीवर अनवाणी. पोहायला दोन-तीन ठिकाणी नांगर टाकतात. दुपारी एखाद्या शांत खाडीत जेवण. मग बुडालेल्या गावावरून संथ फेरी, समोरच्या किनाऱ्यावरच्या कालेकोय गावात (प्रश्न १०) उतरून पाऊण ते एक तास, आणि परत. क्रम कप्तान वाऱ्याप्रमाणे उलटसुलट करतो, तो त्याचा अधिकार आहे.

जाताना एक गोष्ट कोणी दाखवत नाही. काशमधून बाहेर पडल्यावर उलुबुरुन हे भूशिर लागतं. १९८२ मध्ये स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला इथे इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या जहाजाचा माग लागला. सुमारे दहा टन तांबं आणि एक टन कथील घेऊन ते चाललं होतं. १९८४ ते १९९४ अशी अकरा मोसम उत्खननं झाली. वर बघण्यासारखं काहीच नाही, मुद्देमाल बोद्रुमच्या संग्रहालयात आहे, पण आपण कशावरून चाललो आहोत हे माहीत असलेलं बरं.

५. कोणत्या महिन्यात जावं? मे महिन्याची सुट्टी की दिवाळीची?

बोटींचा मोसम एप्रिल ते ऑक्टोबरअखेर. सप्टेंबर ते मध्य-ऑक्टोबर सर्वांत चांगला: पाणी उबदार, गर्दी ओसरलेली. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन पस्तीसच्या पुढे जातं आणि दुपारचा वारा जोर धरतो. मे महिन्यात हवा सुरेख असते, पण पाणी वीस-एकवीस अंशांच्या घरात. कोकणातल्या समुद्राची सवय असलेला पहिल्या उडीला ओरडतोच. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यात आली तर बेत जमतो. नोव्हेंबरात गेली तर पाऊस सुरू झालेला असतो आणि बहुतेक मोठ्या बोटी बंद झालेल्या असतात. तेव्हा उचाझहून लहान बोट मिळाली तर मिळाली.

६. बुकिंग करताना काय विचारून घ्यायचं? पैसे किती लागतात?

लिराचा भाव आणि महागाई यांमुळे इथे छापलेला आकडा महिन्याभरात शिळा होतो. आदल्या संध्याकाळी काशच्या बंदरावर फेरी मारा. बोटी शेजारी शेजारी बांधलेल्या असतात, माणसं दरफलक घेऊन उभी असतात, बोट डोळ्यांनी बघून ठरवता येते. जुलै-ऑगस्ट सोडला तर महिनाभर आधी ऑनलाइन पैसे भरण्याची गरज नाही. विचारा ते हे:

- बोट काशहूनच सुटते की मिनीबसने उचाझला नेणार?
- कालेकोयला उतरवणार का, आणि किती वेळ? काही बोटी नुसतं लांबून दाखवतात.
- किती माणसं? बोटीवर क्षमता लिहिलेली असते, ती बघा.
- जेवणात काय? पेयं वेगळी का? (बहुतेक ठिकाणी वेगळी, अगदी पाणीसुद्धा.)
- वाऱ्यामुळे केकोवा रद्द झालं तर पैसे परत की दुसरीकडे नेणार? (प्रश्न १५)

कालेकोयच्या किल्ल्याचं तिकीट सहसा सहलीच्या दरात नसतं. रोख लिरा काशमध्येच काढून ठेवा. कालेकोयला एटीएम नाही आणि कार्डाचं यंत्र चालेलच असं नाही.

७. बुडालेल्या गावावर पोहता येतं का? नुसता मास्क लावून बघितलं तर?

नाही, मास्क लावूनही नाही. १८ जानेवारी १९९० रोजी हा परिसर विशेष संरक्षित म्हणून जाहीर झाला. अवशेषांच्या पट्ट्यात पोहणं, बुडी मारणं, नांगर टाकणं या सगळ्याला बंदी आहे. नांगर एकदा घासत गेला तर दोन हजार वर्षं टिकलेली भिंत जाते, हे कारण पुरेसं आहे. ‘जास्त पैसे द्या, पटकन उडी मारा’ असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. दंड झाला तर तो तुमच्यासमोर उभा राहणार नाही.

पोहणं आजूबाजूच्या खाड्यांमध्ये होतं, ते कप्तान नांगर टाकेल तिथे. डायव्हिंगच करायचं असेल तर काशच्या परिसरात परवानाधारक डायव्हिंग केंद्रं आहेत.

८. बोटीत कुठे बसलं म्हणजे अवशेष नीट दिसतील? फोटो पांढरेच येतात, काय करावं?

बेट दक्षिणेला, मुख्य किनारा उत्तरेला, मधे अरुंद खाडी. अवशेष बेटाच्या उत्तर काठावर. म्हणजे बोट पूर्वेकडे चालली असेल (काशहून आत शिरताना) तर उजव्या बाजूला बसा, पश्चिमेकडे चालली असेल (देमरेहून येताना) तर डाव्या. इंजिनाचा आवाज मंदावला की बोट तिथे पोचली असं समजा. त्या वेळी गच्चीवरची सगळी मंडळी एका कठड्याकडे धावतात, म्हणून आधीच खालच्या डेकवर उतरून कठडा धरून ठेवा. खालून कोन चांगला मिळतो आणि पुढे कोणाचं डोकं येत नाही.

फोटो पांढरे येतात ते पाण्यावरच्या चकाकीने. पोलराइज्ड गॉगल घाला, आणि तोच फोनच्या लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनाला चकाकी गळून पडते आणि पाण्याखालची भिंत एकदम उमटते. सूर्य डोक्यावर असताना, बारा ते दोनच्या दरम्यान, आत सर्वांत खोलवर दिसतं. वारा सुटून पाण्यावर सुरकुत्या पडल्या की मग कोणताही कॅमेरा उपयोगाचा नाही.

नजर आधी जमिनीवरच्या पायऱ्यांवर ठेवा आणि तिथून खाली उतरवा. निसर्गात सरळ रेषा आणि काटकोन क्वचितच सापडतात, तेच हुडका.

९. काचेच्या तळाची बोट घ्यावी का?

लहान मुलं बरोबर असतील तर घ्या, त्यांना मजा येते. एरवी गरज नाही. काच बहुधा ओरखडलेली असते, वाकून बघता बघता मळमळतं, आणि काठावरचे निम्मे अवशेष तर पाण्याच्या वर आहेत.

१०. कालेकोयला उतरल्यावर तासाभरात काय काय बघावं?

खरं सांगायचं तर सहलीतला सर्वांत सुंदर भाग हाच. कालेकोय म्हणजे प्राचीन सिमेना. गावात मोटाररस्ता नाही. यायचं तर बोटीने, नाहीतर उचाझहून सुमारे पाऊण तास पायी.

उतरल्याबरोबर आइस्क्रीमच्या दुकानांकडे वळू नका, आधी किल्ला गाठा. घरांच्या अंगणांमधून, दगडी पायऱ्यांवरून पंधरा-वीस मिनिटांची खडी चढण आहे. वाटेत बायका ओढण्या आणि मण्यांच्या माळा विकत बसलेल्या असतात. नको असेल तर हसून मान हलवली तरी पुरतं. तटबंदी मध्ययुगीन आहे, पण आत खडकातच कोरलेलं एक चिमुकलं नाट्यगृह आहे: सात रांगा, साधारण तीनशे माणसांपुरतं. मोठ्या नगरांमधली हजारोंची नाट्यगृहं बघून आलेल्यांना हे बघून या गावाचा जीव केवढा होता ते कळतं. तटावरून खाली बघा. समोर आडवं पसरलेलं केकोवा बेट, मधली खाडी आणि डावी-उजवीकडची बेटं एका नजरेत येतात, आणि बोटीतून कोड्यासारखा वाटलेला नकाशा उलगडतो.

किल्ल्याच्या पूर्वेच्या उतारावर जुन्या ऑलिव्हच्या झाडांमध्ये लिशियन शवपेट्या विखुरल्या आहेत. उंच दगडी पेटी आणि वर कमानदार, टोकेरी झाकण. बारकाईने पाहिलंत तर काहींच्या दगडावर तुळयांची टोकं बाहेर आल्यासारखी कोरलेली आढळतील, कारण लिशियन लोक आपल्या लाकडी घरांची नक्कल दगडात करत. बहुतेकांना एका बाजूला भोक आहे. ते जुन्या काळच्या चोरांचं काम.

शेवटी धक्क्याजवळ या. पोस्टकार्डांवर दिसते ती उथळ पाण्यात एकटी उभी असलेली शवपेटी इथेच आहे. ती बांधली तेव्हा कोरड्या जमिनीवर होती. जमीन किती खचली ते मोजायला याहून सोपी खूण नाही. तिच्यावर चढून फोटो काढू नका.

वेळेचं गणित: वर जायला वीस मिनिटं, वर पंधरा, उतरायला पंधरा, शवपेटीला पाच. तासभर दिला असेल तरी आइस्क्रीम हातात घेऊन बोट गाठावी लागते, पाऊण तासात हे सगळं बसत नाही.

११. आई-बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. त्यांना जमेल का?

सफर जमेल, किल्ला जमणार नाही. खरी कसोटी बोटीत चढण्या-उतरण्याची. बोट मागच्या बाजूने धक्क्याला लागते आणि मधे एक अरुंद फळी टाकतात, तीही हलते. खलाशी हात देतात, त्यांचा हात निःसंकोच धरा, काठी आधी त्यांच्याकडे द्या. मोठ्या बोटीत गच्चीवर जायचा जिना शिडीसारखा उभा असतो, तेव्हा ज्येष्ठांसाठी खालच्या डेकवरच सावलीतली बैठक धरा. कालेकोयला ते धक्क्यालगतच्या उपाहारगृहात चहा घेत बसू शकतात. पाण्यातली शवपेटी तिथून जवळ आहे. चाकाच्या खुर्चीची सोय कुठेच नाही.

इतरांसाठी पादत्राणांबद्दल: गुळगुळीत झालेल्या चुनखडीवर साध्या चपला सटकतात. पकड असलेले बूट पिशवीत ठेवा. खडकाळ काठावरून पाण्यात उतरायचं असेल तर रबरी बूट हवेत, खडकांवर समुद्री साळू असतात आणि त्यांचे काटे पायात मोडतात.

१२. आम्ही शाकाहारी आहोत. बोटीवर काय खायला मिळेल?

साधारण जेवण: कोळशावर भाजलेलं चिकन, मासा किंवा मांसाचे कोफ्ते, जोडीला भात किंवा पास्ता, सॅलड, दह्यातले प्रकार, पाव आणि कलिंगड. त्यामुळे उपाशी राहत नाही, पण अडचणी दोन आहेत. ‘मांस खात नाही’ एवढंच सांगितलं तर चिकन पुढे येऊ शकतं, कारण तिथे बरेच जण ‘मांस’ म्हणताना कोंबडी-मासे धरत नाहीत. तिन्ही गोष्टींची नावं घ्या: ‘एत, तावुक, बालिक येमियोरुम’ (मांस, कोंबडी, मासे खात नाही). दुसरं म्हणजे भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. तेही आदल्या दिवशी बुकिंगच्या वेळी विचारा. बोट सुटल्यावर स्वयंपाक्याच्या हातात काही उरत नाही. ऑलिव्ह तेलात शिजवून थंड वाढलेल्या भाज्या सहसा निर्धोक असतात. भाजायची जाळी मात्र एकच असते.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी डबाच न्यावा. दह्याच्या बहुतेक प्रकारांत लसूण असतो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उन्हात दिवसभर टिकते आणि बोटीवर कोणी हरकत घेत नाही.

१३. बोट लागते. काय करावं?

गेटवेहून मांडव्याला जाताना तुम्हाला त्रास होत असेल तर काशची मोठी सफर टाळा आणि उचाझ धरा. आतली खाडी बेटामुळे आडोशाला आहे. काशच्या मार्गावर मेलतेम नावाचा उन्हाळी वारा दुपारनंतर जोर धरतो, आणि परतीचा रस्ता नेमका त्याच्या तोंडावर, पश्चिमेकडे असतो. म्हणून सकाळी खुशीत असलेली मंडळी चारच्या सुमाराला गप्प होतात.

गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, बोट सुटण्याआधी घ्यायची. कोणती आणि किती ते निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून सोबत न्या. या गोळ्यांनी झोप येते, त्यावर बिअर नको, आणि गोळी घेतल्यावर खोल पाण्यात पोहणंही नको. बोटीच्या मध्यावर, खालच्या डेकवर बसा, नजर क्षितिजावर ठेवा. मागच्या बाजूला डिझेलचा धूर येतो, तिथे बसू नका. फोनमध्ये डोकं घालणं सर्वांत वाईट.

१४. पोहता येत नाही. पाण्यात उतरावं का, आणि कपडे कोणते?

बोट नांगर टाकते तिथे पाय टेकत नाहीत, काठाजवळसुद्धा. लाइफ जॅकेट मागून घ्या, बक्कल स्वतः लावून ओढून बघा, शिडीवरून उतरा आणि शिडीच्या जवळपासच राहा. मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का ते बुकिंगच्या वेळीच विचारा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. इंजिन चालू असताना कोणीही पाण्यात नको.

सुती कपडे घालून उतरू नका. भिजलेला सलवार किंवा जीन्स पायांना गुंडाळते आणि शिडी चढताना वजन खेचते. पूर्ण अंग झाकणारा नायलॉनचा पोहण्याचा पोशाख चालतो, स्थानिक बायकाही तसाच घालतात. तातडीच्या वेळी ११२.

१५. वारा सुटला म्हणून सफर रद्द झाली तर?

बंदर अधिकाऱ्यांनी बोटी सोडायला मनाई केली तर पैसे परत मिळायला हवेत आणि बहुधा मिळतात. भानगड होते ती मधल्या परिस्थितीत: बोट सुटते, पण केकोवाऐवजी काशजवळच्या लिमानाझीसारख्या आडोशाच्या खाड्यांमध्ये फिरवून आणते. कप्तानाचा निर्णय बरोबर असतो, पण तुम्ही आलात अवशेष बघायला. म्हणून ‘केकोवा झालं नाही तर काय’ हे पैसे देताना विचारून पावतीवर लिहून घ्या. काशमध्ये दोन दिवस असतील तर सफर पहिल्या दिवशी ठेवा, हुकली तर दुसरा दिवस हातात राहतो.

१६. कायाकने गेलेलं चांगलं का?

अवशेषांच्या जवळून, आवाजाविना जायचं तर याच्याइतकं चांगलं काही नाही. काशहून गाडीने उचाझला नेतात आणि वाटाड्यासोबत गट निघतो. नवख्यांना दोन आसनी कायाक देतात. पण दिवसभरात तीन-चार तास वल्हवावं लागतं, पाठीचा आणि खांद्याचा त्रास असलेल्यांनी विचार करावा. प्रश्न ७ मधली बंदी इथेही लागू आहे: अवशेषांच्या पट्ट्यात कायाकमधून पाण्यात उतरायचं नाही. पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट घाला, मांड्यांवर सनस्क्रीन लावायला विसरू नका. सर्वांत जास्त भाजतात त्या मांड्याच.

१७. त्याच दिवशी मायराच्या कबरी आणि सेंट निकोलसचं चर्च जमेल का?

देमरेहून निघालात तर जमेल. सकाळी आठ-साडेआठला मायराच्या कड्यात कोरलेल्या कबरी आणि नाट्यगृह उरका, मग चायाझीला बोट धरा, परतल्यावर चर्च. नाताळबाबाच्या कथेमागचे संत निकोलस चौथ्या शतकात इथे बिशप होते. त्यांच्या अस्थी १०८७ मध्ये इटलीतल्या बारी शहरात नेल्या गेल्या. चायाझीच्या शेजारीच अँड्रियाके, मायराचं जुनं बंदर. तिथलं सम्राट हेड्रियनच्या काळातलं धान्याचं कोठार आता लिशियन संस्कृतीचं संग्रहालय आहे. आमच्या मते वेळ कमी असेल तर चर्च सोडा, हे कोठार बघा: केकोवाच्या खाडीतली वस्ती कोणत्या सागरी वाहतुकीवर जगत होती ते इथे समजतं. काशहून बोट धरून यांतलं काहीही त्याच दिवशी जमत नाही.

१८. भारतीय पासपोर्टवर व्हिसा कसा मिळतो?

अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशाचा चालू व्हिसा अथवा निवास परवाना असेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो: एकच प्रवेश, ३० दिवस. त्या देशाचा ई-व्हिसा मात्र आधार म्हणून चालत नाही, पासपोर्टवर चिकटवलेला लागतो. यांपैकी काही नसेल तर रीतसर अर्ज करून स्टिकर व्हिसा घ्यावा लागतो, त्याला वेळ ठेवा. तिकिटं काढण्यापूर्वी नियम सरकारी संकेतस्थळावरच तपासा. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दलालांच्या साइट जास्त पैसे घेतात.

पोचण्यासाठी इस्तंबूलहून दालामान किंवा अंताल्याला विमान. दालामानहून काश गाडीने अडीच ते तीन तास, अंताल्याहून साडेतीन.

१९. काशसमोर दिसणारं मेइस बेट दुसऱ्या दिवशी करून यावं का?

फेरीने अर्ध्या तासाच्या आत पोचता, म्हणून मोह होतो. पण मेइस, म्हणजे कास्तेलोरिझो, ग्रीसमध्ये आहे. शेंगेन व्हिसा हवाच, आणि जे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही ते पुढे: तुमचा तुर्की ई-व्हिसा एकाच प्रवेशाचा असतो. मेइसला पाऊल ठेवलंत की तो संपला. संध्याकाळी परत येताना तुमच्याकडे तुर्कस्तानचा व्हिसा नसतो आणि सामान मात्र काशच्या हॉटेलात असतं. नवा व्हिसा आधीच काढलेला नसेल तर फेरीवाले तुम्हाला निघतानाच अडवतील, आणि अडवलं तर उपकारच समजा. केकोवा बेट मात्र तुर्कस्तानचंच आहे, १९३२ च्या तुर्की-इटालियन कराराने ते ठरलं. तिथे पासपोर्टवर शिक्का बसत नाही.

२०. फोनचं घड्याळ मधेच एक तास मागे का गेलं?

मेइसमुळे. काशच्या किनाऱ्यावर आणि समुद्रात फोन ग्रीक नेटवर्क पकडतो. उन्हाळ्यात दोन्ही देशांची वेळ सारखी असते (भारतापेक्षा अडीच तास मागे), त्यामुळे कळत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ग्रीसची घड्याळं एक तास मागे जातात, तुर्कस्तानची जात नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत आलेल्यांची बोट अशी चुकू शकते: फोनवर नऊ वाजलेले, धक्क्यावर दहा. वेळ आपोआप बदलण्याची सोय बंद करा आणि नेटवर्क हाताने तुर्की कंपनीचं निवडा, नाहीतर ग्रीक रोमिंगचं बिल वेगळं.

२१. काठावर पडलेलं मातीच्या भांड्याचं एखादं खापर आठवण म्हणून आणलं तर चालेल का?

नाही. १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्यानुसार तुर्कस्तानातून पुरावस्तू बाहेर नेणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. विमानतळावर सामानाची क्ष-किरण तपासणी होते आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. खापर किंवा नक्षीचा दगडच काय, जुना वाटणारा साधा दगडही पिशवीत टाकू नका. मुलांचे खिसे काश सोडण्यापूर्वी हॉटेलातच रिकामे करून बघा. कोणी ‘जुनं नाणं’ विकायला आलं तर दोनच शक्यता असतात: ते नकली असतं, किंवा अस्सल असतं आणि मग विकत घेणाराच अडकतो.